टोवेचा पोटफोड्या ओ

"माझ्याकडे तर बरोबर दिसतंय," हे वाक्य टोवे ब्रोगोरने आयुष्यात जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा कुणी तिला "कशी आहेस" असंही विचारलं नसेल. आमच्या लेमविग गावात बंदरामागे जो छापखाना आहे, तिथे ती चव्वेचाळीस वर्षं काम करत होती. सतराव्या वर्षी शिकाऊ म्हणून आली तेव्हा शिशाचे खिळे होते. लाकडी पेटीतल्या खणांमधून एकेक खिळा उचलायचा, ओळ जुळवायची, आणि छापून झालं की ज्याचा खिळा त्याच्या खणात परत टाकायचा. तिथल्या चार जुळाऱ्यांनी तिला बघून नाकं मुरडली होती. एक तर मुलगी, त्यात डावखुरी. पण खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात, आणि उलटी अक्षरं वाचायला टोवेला पहिल्या दिवसापासून काही कष्ट पडले नाहीत. महिन्याभरात चौघं गप्प झाले. पुढे खिळे भंगारात गेले, फिल्म आली, फिल्मही गेली, कंप्युटर आला. चौघं जुळारी एकेक करून निवृत्त झाले, मग एकेक करून वारले. त्यांच्यासाठी चर्चमध्ये जी गाणी म्हटली, त्यांचे कागद टोवेनेच छापले.

तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे गावाने बरीच वर्षं विचारून पाहिलं आणि कंटाळून सोडून दिलं. एकसष्टाव्या वर्षी तिच्याकडे एक लहानसं घर होतं, एक सायकल होती, आणि छापखान्यातली खिडकीजवळची खुर्ची होती. त्या खुर्चीत बसून ती लोकांच्या बिघडलेल्या फाइली दुरुस्त करायची. छापखान्याचा मालक विलॅड्स, वय चाळीस, आजोबांची गादी चालवणारा. त्याने एक सोयीस्कर नियम केला होता: मशीन बिघडलं तर मी, फाइल बिघडली तर टोवे.

"टोवे, तुझा पेशंट आलाय," तो दारातूनच ओरडायचा.

आजार बहुतेक वेळा एकच असायचा. माणूस घरी बसून हौसेने काहीतरी लिहितो, त्याला एखादा देखणा फॉन्ट लावतो, त्याची पीडीएफ करतो आणि पाठवून देतो. फक्त फॉन्ट घरीच विसरतो. तो फाइलच्या पोटात घालायचा असतो हे त्याच्या गावीही नसतं. मग छापखान्याचा कंप्युटर बिचारा हाताला लागेल तो फॉन्ट चढवून वेळ मारून नेतो, आणि नाजूक अक्षरांच्या जागी पोलीस चौकीतल्या अर्जासारखं काहीतरी उभं राहतं. टोवे फोन करते. पलीकडून ते वाक्य येतं. टोवे डोळे मिटते, उघडते, आणि पहिल्यापासून समजावून सांगते.

आणि आमच्याकडे अशा फाइलींना तोटा नाही, कारण आमच्याकडे गाण्याशिवाय काही साजरं होत नाही. कुणाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, कुणी साठीत आलं, की घरातलं कोणीतरी जुन्या चालीवर नवे शब्द बसवतं. प्रत्येक पाहुण्याच्या हातात कागद देतात आणि सगळे मिळून ते गातात. यमक जुळलं नाही तरी कोणी काही म्हणत नाही. कागद मात्र देखणा हवा. मे महिन्यात तर विचारूच नका. चौदा वर्षांच्या पोरापोरींची चर्चमधली कन्फर्मेशनं, म्हणजे धर्मदीक्षा पक्की करायचे समारंभ, असतात, आणि प्रत्येक पोरामागे एक मामा कवी झालेला असतो.

त्या आठवड्यात शुक्रवारी प्रार्थनेच्या दिवसाची सुट्टी होती. त्याच दिवशी अर्ध्या गावाची कन्फर्मेशनं. म्हणजे जे काय छापायचं ते गुरुवारी चारच्या आत. अशात मंगळवारी सकाळी हार्टविग बिस्कोवची फाइल आली.

हार्टविग पंच्याऐंशी वर्षांचा. उभा जन्म त्याने मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त केली. बोलायला कंजूष, कामाला पक्का, आणि यंत्रावर त्याचा माणसांपेक्षा जास्त विश्वास. त्याची बायको गुद्रून गावच्या शाळेत चाळीस वर्षं पहिलीचा वर्ग शिकवत होती. आज गावात पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, त्याने पहिलं अक्षर गुद्रूनबाईंच्या हाताखाली गिरवलेलं असतं. टोवेनेही गिरवलं होतं.

फाइल उघडली तर नेहमीचंच. टाइपरायटरसारखी सरळसोट अक्षरं, ओळी कागदाबाहेर पळालेल्या. टोवेने फोन लावला.

"हार्टविग, टोवे बोलतेय, छापखान्यातून. गाणं पोचलं, पण तुमचा फॉन्ट घरीच राहिला."

"कुठे राहिला?"

"तुमच्या कंप्युटरमध्ये. कुठला लावलात?"

"शाळेचा. गुद्रूनचा."

"तो इथे दिसत नाही. इथे भलतीच अक्षरं आलीत."

"माझ्याकडे तर बरोबर दिसतंय," हार्टविग म्हणाला. "तुझं मशीन बघून घे. तेल-पाणी केलंयस का वेळेवर?"

तासाभरात तो स्वतःच छापखान्यात हजर झाला. डोक्यावर टोपी, हातात फोन. फोनवर त्याने आपल्या कंप्युटरच्या पडद्याचा फोटो काढून आणला होता, पुरावा म्हणून. फोटोत खिडकीचं प्रतिबिंब होतं, हार्टविगचा अंगठा होता, आणि मधोमध ती अक्षरं होती. गोल, किंचित उजवीकडे कललेली, एकमेकांचा हात धरून चाललेली. टोवेने ती लगेच ओळखली. फळ्यावरची अक्षरं होती ती.

"बाईंचं वळण," ती म्हणाली.

"शाळेने एक सीडी दिली होती तिला. मुलांना गिरवायचे कागद करायला. पंचवीस वर्षं झाली असतील. मशीन बदललं तेव्हा फॉन्ट त्यातही चढवून घेतला."

विलॅड्स मागून डोकावला. "हार्टविग, त्यापेक्षा मी एक दाखवू का? लग्नाचे खास फॉन्ट आहेत आपल्याकडे. वेलबुट्टीचे."

"वेलबुट्टी नको."

"अहो, बघा तरी."

"ती वाचणार नाही," हार्टविग म्हणाला, आणि मग त्याने टोपी काढली. तो इतकं सलग बोललेला टोवेने कधी ऐकला नव्हता. दोन वर्षांपासून गुद्रून विसरत चालली होती. आधी वस्तू, मग माणसं. वर्तमानपत्र हातात दिलं तर बाजूला सारायची. छापील काही समोर आलं की मान फिरवायची. एकदा खण आवरताना जुना गिरवायचा कागद सापडला आणि त्याने तो सहज तिच्यापुढे ठेवला. तिने ओळीवर बोट ठेवून पहिल्या अक्षरापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला. तेव्हापासून तो रोज सकाळी कंप्युटरवर त्या फॉन्टमध्ये दोन-चार ओळी लिहितो आणि तिला पडद्यासमोर बसवतो. दूध फ्रिजमध्ये आहे. आज मंगळवार. मी अंगणात आहे.

"छापून का नाही देत?" विलॅड्सने विचारलं.

"प्रिंटर वारला. गुद्रूनच्या आधीपासून आजारी होता." हे बोलून तो स्वतःच थोडा हसला आणि लगेच थांबला. "शनिवारी आमच्या लग्नाला साठ वर्षं होतायत. शेजारी दारावर कमान बांधणार आहेत, सकाळी गायला येणार आहेत. आणि सोमवारी तिला वृद्धांच्या निवासात नेणार. डॉक्टर म्हणाले, आता मला एकट्याला जमणार नाही. खरंय ते. म्हणून म्हटलं, त्या दारात उभं राहून एकदा मी लिहिलेलं तिने वाचावं. एवढंच. मोठा कागद हवा, बोटभर उंचीची अक्षरं. बाकीच्यांना लहान चालतील."

"मग हाताने का नाही लिहीत तुम्ही?" विलॅड्सने विचारलं.

हार्टविगने दोन्ही हात कोटाच्या खिशात घातले. "माझे हात इंजिनाचे," तो म्हणाला.

विलॅड्सने मग टोवेकडे पाहिलं. "तू लिही ना. तूही बाईंचीच विद्यार्थिनी." टोवेने टेबलावरचा आपल्याच हाताने लिहिलेला एक चिटोरा त्याच्या नाकासमोर धरला. तो तिने सकाळी लिहिला होता आणि आता तिला स्वतःलाही वाचता येत नव्हता. जन्मभर दुसऱ्यांची अक्षरं जुळवणाऱ्या या बाईचं स्वतःचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय होते.

तर बुधवारचा दिवस असा गेला. सकाळी टोवेने फोनवर सांगितलं, पीडीएफ करताना अमुक ठिकाणी खूण करा, म्हणजे फॉन्ट आत जाईल. अर्ध्या तासाने हार्टविगचा फोन.

"मशीन म्हणतंय परवानगी नाही."

"कशाची?"

"फॉन्ट आत घालायची. कोणाची परवानगी लागते? मी नगरपालिकेत जाऊन येतो."

"नको, कुठे जाऊ नका. फॉन्ट करणाऱ्यानेच तसं कुलूप घालून ठेवलंय."

"त्याला फोन करतो."

टोवेने शोधलं. सीडी काढणारी ती कंपनी केव्हाच बुडाली होती. कुलूप होतं, कुलपाचा मालक नव्हता. मग तिने हार्टविगला म्हटलं, फॉन्टची फाइलच पाठवा, मी इथे तात्पुरती चढवते. दुपारी जेवणानंतर मेल आला. फाइलचं नाव बरोबर होतं, वजन मात्र चिलटाएवढं. हार्टविगने फॉन्टऐवजी त्याचा शॉर्टकट पाठवला होता. घराऐवजी घराकडे बोट दाखवणारी पाटी. विलॅड्स हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. टोवे हसली नाही. गेल्या वीस वर्षांत तिला असे शंभर शॉर्टकट आले होते, त्यातला एक खुद्द विलॅड्सचा होता, आणि तिने त्याला त्याची आठवण करून दिली.

"उद्या मीच येते घरी," तिने हार्टविगला सांगितलं.

"उद्या बाराला ये. पाव गरम असतील."

गुरुवारी बाराच्या ठोक्याला टोवेने सायकल काढली. विलॅड्स कपाळाला हात लावून बसला, कारण कन्फर्मेशनची अकरा गाणी अजून छापायची होती. "चारला मशीन बंद," तो म्हणाला. "एका कागदासाठी मी थांबणार नाही. तू मला ओळखतेस."

"ओळखते," टोवे म्हणाली आणि गेली.

बंदराच्या वरच्या चढावर बिस्कोवांचं पिवळ्या विटांचं घर. प्रार्थनेच्या दिवसाच्या आदल्या दिवशी आमच्याकडे घरोघरी वेलदोड्याचे पाव भाजतात, तो वास दारापर्यंत आला होता. गुद्रूनबाई खिडकीशी बसल्या होत्या. केस नीट विंचरलेले, अंगात निळं स्वेटर. टोवेला बघून त्यांनी मान हलवली, जशी शाळेच्या दारात हलवायच्या.

"पालक का? सभा उद्या आहे."

"मी टोवे, बाई."

"टोवे लहान आहे," बाई म्हणाल्या, अगदी सहज, चूक सुधारल्यासारख्या.

टोवेला ती लहान टोवे चांगली आठवत होती. आई मासळीच्या कारखान्यात, पाळी पाचला सुटायची, शाळा एकला. बाकीची पोरं घरी जायची आणि टोवे वर्गात उरायची. शाळेने सांगितलं होतं, थांबता येणार नाही. गुद्रूनबाईंनी कुणाला न विचारता तिला थांबवून घेतलं. त्या वह्या तपासायच्या आणि टोवे समोर बसून गिरवायची. एका दुपारी हेडमास्तर आले, टोवेच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्या हातात दिली. ते गेल्यावर बाईंनी पेन्सिल परत डाव्या हातात ठेवली. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. टोवेने पुढे आयुष्यात जे काही केलं ते त्या हाताने केलं.

आतल्या खोलीत कंप्युटर होता, पंधरा वर्षांचं धूड, चालू झाला की बोटीसारखा घरघरायचा. हार्टविगला तो आवाज आवडत असावा. टोवेने आपला लॅपटॉप काढला. परवानगीचं कुलूप फॉन्टला असतं, चित्राला नसतं. म्हणून तिने ठरवलं होतं की अक्षरांचं अक्षरपणच काढून टाकायचं, प्रत्येकाची नुसती आकृती करायची. मग ती कुठल्याही मशीनवर बदलत नाहीत, आणि कुणाची परवानगीही लागत नाही. फॉन्टची खरी फाइल तिने दोन मिनिटांत शोधून आपल्या लॅपटॉपवर घेतली. गाणं उघडलं, आकृत्या केल्या, आणि पडद्यावर बाईंचं वळण जसंच्या तसं उमटलं.

"झालं," हार्टविग म्हणाला.

"थांबा," टोवे म्हणाली.

आमच्या लिपीत ø असं एक अक्षर आहे, गोल ओ आणि त्याच्या पोटातून गेलेली तिरकी रेघ. आपण त्याला पोटफोड्या ओ म्हणू. गाण्यात जिथे जिथे तो होता, तिथे तिथे रिकामी चौकट उभी होती. टोवेने मोजल्या. अडतीस.

तिला कारण कळायला वेळ लागला नाही. जुन्या फॉन्टमध्ये ते अक्षर भलत्याच खणात ठेवलेलं होतं. हार्टविगचं जुनं धूड त्याच्या खोडी ओळखून होतं, म्हणून तिथे बरोबर दिसायचं. नवा प्रोग्राम आपल्या नेहमीच्या खणात हात घालायचा आणि रिकामा बाहेर काढायचा. तिने सगळे खण धुंडाळले. एका खणात ते सापडलं, पण उचलायला गेलं की मोडायचं, गोल एकीकडे आणि रेघ दुसरीकडे. पडद्यावरून उचलून मोठं केलं तर कडांना पायऱ्या पडायच्या. साध्या ओ-वर तिरका दांडा ठेवून पाहिला, तो कुंपणाच्या फळीसारखा दिसला.

तेवढ्यात गुद्रूनबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. हार्टविगने त्यांना खुर्ची दिली. बाईंनी पडद्यावरच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. आवाज स्पष्ट, शब्द सुटे. दुसऱ्या ओळीत बोट पहिल्या चौकटीपाशी आलं आणि थांबलं.

"इथे भोक आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी बोट उचललं, मान फिरवली आणि उठून खिडकीशी गेल्या. पुन्हा बोलावलं तरी आल्या नाहीत.

हार्टविगचा चेहरा बघवेना. "राहू दे," तो म्हणाला. "तू खूप केलंस. पाव खा."

टोवेने पाव खाल्ला नाही. घड्याळात अडीच वाजले होते. तिने बाईंच्या जुन्या टेबलाचा खण उघडला, त्यात जाड शाईची काळी पेनं अजून ठेवलेली होती, एक अजून चालत होतं. तिने कागद घेतला आणि डाव्या हाताने पोटफोड्या ओ काढला. वाकडा. दुसरा, तिसरा. उजवा हात घेऊन पाहिला, तो तर लोण्यासारखा ढिला. पुन्हा डावा. सहावी-सातवीत कधीतरी सोडून दिलेलं गिरवणं हाताला हळूहळू आठवायला लागलं. संपूर्ण गाणं तिच्याने लिहून झालं नसतं, पण एक अक्षर, एकच, तिला जमत होतं. दुसरा कागद भरत आला तेव्हा एक असा उमटला की बाकीच्या अक्षरांशेजारी बसवला तर चाललं असतं. तिने तो कागद खिशात घातला आणि उतारावर सायकल सोडली.

छापखान्यात तिने तो स्कॅन केला, आकृती केली आणि एकेका चौकटीत बसवत गेली. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. कडवी काही खास नव्हती, हार्टविगची यमकं जुन्या इंजिनासारखी खडखडत होती. पाचव्या कडव्यात चार चौकटी होत्या. चौकट भरायची तर ओळ वाचावी लागते. टोवेने ते कडवं वाचलं, परत वाचलं, आणि हार्टविगने खिशात लपवलेले हात तिच्या डोळ्यांसमोर आले. बोटींची सगळी इंजिनं ज्याच्या हातून गेली त्या माणसाला लग्न झालं तेव्हा वाचता येत नव्हतं. गावात हे कुणालाही ठाऊक नव्हतं. साठ वर्षं त्याने ते झाकून ठेवलं होतं, आणि आता सगळ्या शेजाऱ्यांसमोर, आपल्याच दारात, ते उघड करणार होता.

"काय लिहिलंय एवढं?" विलॅड्सने मागून विचारलं.

"तू नको बघू. शनिवारी ऐक."

चार वाजून गेले होते. मशीन बंद झालेलं नव्हतं. विलॅड्स कुठल्यातरी पेचाला उगाच तेल घालत बसला होता.

"चारला बंद करणार होतास ना?" टोवे म्हणाली.

"गरम आहे. एकदम बंद केलं की बिघडतं," तो म्हणाला आणि हात पुसून मोठा कागद लावायला उठला.

शनिवारी सकाळी सात वाजता चढावर तीसेक माणसं जमली. दाराभोवती फर झाडाच्या डहाळ्यांची कमान, त्यात पांढरी कागदी फुलं, वर साठचा आकडा. अंगणात झेंडा चढवलेला. वारा होताच, आमच्याकडे तो कधी नसतो? शेजारणींनी पाव आणि चीज आणलं होतं, पुरुषांनी कडू दारूची बाटली. टोवे कॉफीची किटली घेऊन मागे उभी होती. तिने रात्रभर त्या अडतीस अक्षरांचा विचार केला होता. घरी गेल्यावर तिच्या लक्षात आलं होतं की तिच्या ओ-मधली रेघ उलटी आहे. बाईंची रेघ खालून वर जायची आणि वर बारीक व्हायची. हिची वरून खाली आली होती, शेपूट खाली. डाव्या हाताला तीच दिशा सोपी. तोवर मोठा कागद हार्टविगच्या घरी पोचला होता.

दार उघडलं. हार्टविग काळ्या सुटात, गुद्रूनबाई निळ्या स्वेटरवर मोत्यांची माळ घालून. सगळ्यांनी नेहमीच्या जुन्या चालीवर गायला सुरुवात केली. बाई गर्दीकडे अनोळखी नजरेने बघत होत्या. हार्टविगने मोठा कागद त्यांच्यासमोर धरला.

बाईंचं बोट ओळीवर आलं. त्या गात नव्हत्या, गाण्याच्या थोड्या मागून वाचत होत्या. पहिलं कडवं, दुसरं. ओळीमागून ओळ जात होती आणि टोवेची किटली हातात जड होत चालली होती. चौथ्या कडव्याच्या शेवटी बोट थांबलं. बरोबर एका पोटफोड्या ओ-वर. बाईंनी वाकून जवळून पाहिलं. हार्टविग गायचा थांबला, तो थांबला म्हणून बाकीचेही एकेक करून थांबले. वाऱ्याने कमानीतली कागदी फुलं तेवढी वाजत होती.

"हा टोवेचा," गुद्रूनबाई म्हणाल्या. "रेघ वरून खाली आलीय. डाव्या हाताने लिहिते ती." मग त्यांनी मान वर करून जमलेल्या सगळ्यांकडे पाहिलं, आणि पहिलीच्या वर्गासमोर उभ्या राहायच्या त्या आवाजात बजावलं, "तिला कुणी काही म्हणायचं नाही. हात तोच राहू द्या."

कुणाला काही कळलं नाही. शेजारीण टोवेला विचारू लागली, काय म्हणाल्या. टोवेने किटली खाली गवतावर ठेवली. बाईंची नजर तिच्यावर पडली, पण ती नजर एका पोक्त, अनोळखी बाईवर पडावी तशी होती.

"तिची आई आली का न्यायला?" बाईंनी तिला विचारलं.

"आली, बाई," टोवे म्हणाली.

"मग बरं झालं." बाईंनी बोट पुन्हा ओळीवर ठेवलं आणि हार्टविगकडे वळल्या. "तू का थांबलास? पुढे वाच."

पाचवं कडवं गायचं हार्टविगला सुचलंच नाही. बाईंचं बोट एकेका शब्दावरून सरकत होतं आणि तो त्या बोटामागून एकेक शब्द वाचत गेला.

"तुझ्या वर्गातला मोठा मुलगा घरीच राहत होता,
पंचविशीचा झाला तरी वाचू शकत नव्हता.
टेबलावरती दिवा आणि बोट तुझं ओळीवर,
साठ वर्षं आभार राहिले, घे आज या दारावर."

त्याच्याबरोबर तीस वर्षं बंदरात काम केलेला म्हातारा टोपी काढून हातात धरून उभा होता. विलॅड्स बुटांकडे बघत होता. हार्टविग कागद धरून तसाच ताठ उभा राहिला, वर्गात उभं केलेलं पोर निकालाची वाट बघतं तसा.

गुद्रूनबाईंनी शेवटच्या शब्दावरचं बोट उचललं.

"एकही अक्षर चुकला नाहीस," त्या म्हणाल्या. "शाबास. बस आता."

मागे पायरी होती. हार्टविग बसला.